माहं नाव सांगा बरं

माझ्या पायात पहिली चप्पल आली ती १९७३ साली. बहात्तरचा दुष्काळ सरून पीक हाती आलं होतं. मायनं अन् बापानं दोन महिने दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचला. ते पैसे धोतराच्या गाठीला बांधून बाप मला यष्टीनं अमरावतीला घेऊन आला. माय संगं होती. जवाहर गेट पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. निजामाच्या अमदानीत पेंढाऱ्यांच्या धास्तीनं शहराभोवती परकोट बांधला होता, त्याचा तो दरवाजा. आत गेलं की कापड, भांडी, सोनंनाणं, चपला. मी तोंड वासून पाहत होतो.

चपलेच्या दुकानदारानं आधी गाव विचारलं. दर्यापूरकडचं एक खेडं. मग आडनाव विचारलं. मग बाकावरची गादी उचलून आत ठेवली आणि म्हणाला, बसा. बाप बसला नाही. मायही बसली नाही. उभ्याउभ्याच माझ्या पायात कोल्हापुरी घातली, पैसे मोजले, निघालो. दुसऱ्या दुकानात गेलो असतो तर तिथंही आडनाव विचारलंच असतं.

गावात उतरलो तर दिवेलागण झाली होती. आमच्या वस्तीचा रस्ता पाटलाच्या वाड्यापुढून जायचा. वाडा आला तशी माय दबक्या आवाजात म्हणाली, "काढ बाप्पा पायातली. हातात घे." मी वाकलो. बापानं माझं मनगट धरलं. "नाई काढाची. पैसे मोजून आनली, चोरून नाई आनली." बाप छप्पन साली नागपूरला जाऊन आला होता. दीक्षाभूमीवरून परत येताना काय घेऊन आला म्हणून कोणी विचारलं तर तो छाती ठोकायचा, एवढंच. मी चप्पल घालून वाड्यापुढून गेलो. नवी चप्पल करकर वाजत होती. एवढा मोठा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

पाडव्याला सालदार ठरले. पाटलानं सगळ्यांची नावं घेतली. बापाचं घेतलं नाही.

दोस्तांनो, हे सारं पन्नास वर्षांनी उकरून काढायचं कारण म्हणजे मिलान.

२२ जून २०२५ ला इटलीतल्या मिलान शहरात प्राडा कंपनीचा पुरुषांच्या कपड्यांचा फॅशन शो झाला. गोरी पोरं चालत आली, पायात कोल्हापुरी. कंपनीनं नाव दिलं 'चामड्याच्या सँडल'. कोल्हापूरचा उल्लेख नाही, महाराष्ट्राचा नाही, कर्नाटकाचा नाही. बोंब उठली तेव्हा कंपनीनं पत्र लिहून कबूल केलं की ही प्रेरणा भारतीय हस्तकलेची. २०१९ पासून कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातले चार जिल्हे, कर्नाटकातले चार. पण ते मानांकन राखतं ते नाव. आकार राखत नाही. नावच घेतलं नाही तर कायद्याच्या हाताला काय लागणार? जनहित याचिका झाली, तीही मुंबई उच्च न्यायालयानं जुलैत फेटाळली.

माझी भाची तेव्हा मिलानलाच होती. शिकायला गेली आहे. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती मिळाली तिला. म्हणजे पाहा, कोल्हापूरच्या राजाचं नाव आमच्या पोरीच्या कागदावर चढून मिलानला गेलं, आणि कोल्हापूरचंच नाव चपलेवरून उतरून मिलानला गेलं.

तिनं एका रविवारी फोनवर शहर दाखवलं. मोठ्या चर्चच्या बाजूला काचेच्या छपराचा बाजार, गॅलेरिया. १९१३ साली प्राडाचं पहिलं दुकान याच बाजारात निघालं. ट्रंका, चामड्याच्या बॅगा विकायचे. भाची बाहेरूनच पाहत होती. मग ती बाजूच्या गल्ल्यांत शिरली.

"मामा, पाह्य. या गल्लीचं नाव स्पादारी. म्हंजे तलवारी करनाऱ्याईची गल्ली. ते पलीकडची ओरेफिची, सोनाराईची. हे स्पेरोनारी, घोडेस्वाराच्या टाचेची आर करनाऱ्याईची. अन् थे कापेल्लारी, टोप्या करनाऱ्याईची. शेकडो वर्सांपासून कारागिराईचे नावं हायेत पाट्याईवर. लोकं फोटो काढतात."

मी म्हटलं, "आपल्याकडे बी हायेत ना पोरी. चांभारवाडा. मांगवाडा. महारवाडा."

ती हसायला लागली आणि मधेच थांबली.

तलवारीवाल्यांची गल्ली तिकडे मिरवायची गोष्ट. आमचा वाडा म्हणजे विटाळाचा पत्ता. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाला निर्णय घ्यावा लागला की वस्त्यांची जातिवाचक नावं काढून समतानगर, भीमनगर अशी नावं द्या. दोन्हीकडं कामाचंच नाव पाटीवर होतं. मग असं का? बाबासाहेबांनी १९३६ सालीच उत्तर देऊन ठेवलं आहे. जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, आणि तीही एकावर एक उतरंड रचल्यासारखी. भाचीनं तिकडे एका म्हाताऱ्याच्या दुकानातून बापासाठी चामड्याचा पट्टा घेतला. पाटी म्हाताऱ्याच्या आजाच्या नावाची. त्याचा पोरगा इंजिनियर झाला, आणि त्याच्या हाताखाली काम शिकते दुसऱ्याच घरची पोरगी. तिला वाटलं म्हणून आली. आपल्या चांभाराच्या दुकानात कधी जोशा-देशमुखांची पोरगी आरी धरायला आलेली पाहिली का तुम्ही?

तिकडं सगळं गोड आहे असंही नाही. २०२४ साली मिलानच्याच न्यायालयानं दोन बड्या फॅशन कंपन्यांच्या उत्पादन शाखा आपल्या देखरेखीखाली घेतल्या. कंत्राटदारांच्या कारखान्यांत परदेशातून आलेल्या मजुरांना राबवून बॅगा शिवून घेतल्या जात होत्या. भांडवलाला दुसऱ्याचे हात सगळीकडेच स्वस्त हवे असतात. आपल्याकडं त्यावर जातीचं कुलूपही असतं.

तर त्या जुलैत मी पेटलो होतो. अकोल्याला विहारात पोरांची बैठक होती. मी रात्री जागून पत्रक लिहिलं. मथळा दिला, 'आमच्या हातांची चोरी'. शंभर प्रती काढल्या. बैठकीला निघालो तर ष्टँडाजवळ सँडलचा पट्टा तुटला. तिथं एक म्हातारा मोची बसतो. छत्री, एक पेटी, रापी, आरी, फर्मे, मेणाचा दोरा. पंधरा वर्षं झाली, माझं पायतान त्याच्याकडंच शिवलं जातं. सँडल दिली आणि उत्साहानं पत्रक पुढं केलं.

"वाचून दाखवा सर. चष्मा घरी रायला."

मी वाचलं. रस्त्यावरची माणसंही थांबून ऐकत होती. त्याचा हात चालूच. दोरा ओढून दातानं तोडला आणि म्हणाला,

"लय झाक लिवलं. एक इचारू का? राग नका मानू."

"विचारा दादा."

"थ्या परदावाल्यानं नाव नाई घेतलं म्हनता. तुमी किती साल झाले माह्याजवळ येऊन रायले?"

"पंधरा."

"माहं नाव सांगा बरं."

दोस्तांनो, मला सांगता आलं नाही.

त्यानं फार ताणलं नाही. सँडल पुढं सरकवली. "वीस रुपये. अन् आज तरी पंधरा करा नका म्हनू." मी वीस दिले. पाहणाऱ्यांतला एक जण हसला. शंभर पत्रकं काखेत मारून मी विहारात गेलो, पण ती वाटली नाहीत. पोरांनी विचारलं, सर, काहून? मी म्हटलं, मथळा चुकला आहे.

मथळ्यात मी 'आमच्या हातांची' लिहिलं होतं. कोणाच्या हातांची? जुन्या गावगाड्यात महारानं मेलेलं ढोर ओढायचं. ढोर समाजानं कातडं कमवायचं. बाभळीच्या सालीत, हिरड्याच्या पाण्यात दिवसचे दिवस. चांभारानं ते शिवायचं. पायात घालणार चौथाच. आणि हे तिघं एका पंगतीला बसत होते का? नाही. चांभार महाराचं पाणी पीत नव्हता. आमच्या घरातही मांगाचं नाव निघालं की आजी तोंड वाकडं करायची. मी ते पाहिलं आहे. आपण ढोरं ओढायचं सोडलं. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी सांगितलं आणि आपल्या माणसांनी उपाशी राहून ते पाळलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते अमरावतीलाही आले होते, इंद्रभुवन थिएटरात परिषद झाली होती, अंबादेवीच्या सत्याग्रहाचा प्रश्न होता. ते सोडलं हे शंभर टक्के बरोबर. पण सोडून पुढं गेलो तेव्हा जे त्याच कातड्याशी बसून राहिले त्यांच्याकडं वळून पाहिलं नाही. त्यांची दुःखं आपल्या पत्रकात येत नाहीत. २०१६ च्या जुलैत गुजरातेत उनाला मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या पोरांना गाडीला बांधून मारलं, तेव्हा आपण रस्त्यावर आलो. त्याआधी २०१५ साली महाराष्ट्रात बैल-वळूंच्या कत्तलीवर बंदी आली. कातडं मिळेना, मिळालं तर महाग. तेव्हा चपलेवर पोट असलेल्या माणसाचं काय झालं हे विचारायला आपण किती जण गेलो? मी गेलो नाही.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा ष्टँडावर गेलो. पायतान धड होतं. नुसताच गेलो, त्याच्या पेटीशेजारी पोत्यावर बसलो. चहा मागवला. आधी नाव विचारलं. सांगितलं त्यानं. बापाचं सांगितलं, गावाचं सांगितलं. मूर्तिजापूरकडचा. कापूस वाहायला इंग्रजांच्या काळात टाकलेली ती शकुंतला गाडी धावत होती तेव्हा तिच्यातून कातडी घेऊन यायचा म्हणे. आता गाडीही बंद आणि पायतान करणंही बंद. बाजारात फोमची दोनशे रुपयांत मिळते. आता फक्त डागडुजी.

मी म्हटलं, "दादा, कला मरून रायली ना. पोराले शिकवली नाई?"

तो माझ्याकडं बघत राहिला. "सर, तुमच्या पोराले बसवता काय इथं? उद्यापासून पाठवा. फुकट शिकवतो."

मी गप्प.

"माहा पोरगा गाडीवरून लोकाईचे डबे पोचवते. नातू अकरावीले हाय, सायन्स. त्याच्या हाती आरी नाई देनार मी. ज्याले ज्याले कला वाचवाची हाय त्यानं यावं. पैसे बरोबर द्यावे. मंग मी बी शिकवतो."

डिसेंबर २०२५ मध्ये बातमी आली. प्राडानं महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. दोन हजार जोड इथल्या कारागिरांकडून करून घेणार, एका जोडाची किंमत आठशे युरोच्या आसपास. म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या वर. आता कोल्हापूरचं नाव घेतील. चांगलं झालं, मी नाही म्हणत नाही. पण शिवणाऱ्याच्या हाती त्यातले किती पडले, हा पहिला प्रश्न. आणि त्याच्या पोराला दुसरं काही व्हायचं असेल तर वाट मोकळी आहे का, हा दुसरा. हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय टाळ्या वाजवू नका. कोल्हापूरच्या आधी ते आपापल्या ष्टँडावर विचारा.

बापानं मला चप्पल पायात ठेवायला शिकवलं. त्याची किंमत त्यानं पाडव्याला मोजली. ती चप्पल कोणी शिवली हे मात्र आम्हा तिघांपैकी कोणीच विचारलं नाही. त्या बाकावरची गादी उचलली गेली त्याचा राग अजून आहे. ते पायतान शिवणाऱ्याला त्या बाकावर बसू दिलं असतं का, हे मला एवढ्या वर्षांत सुचलं नव्हतं.

भाचीला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मामा, त्याईचं नाव छाप ना मंग लेखात. मोठ्या अक्षरात."

मी दादांना विचारलं. त्यांनी मान हलवली.

"नका छापू सर. जागेचा कागद नाई माह्याजवळ. अतिक्रमणाची गाडी येते. नाव छापलं तं पेटी उचलतीन."

म्हणून नाव इथं नाही. मला माहीत आहे. तुमच्या ष्टँडावरच्या माणसाचं तुम्ही विचारून या, आणि आधी त्या जागेच्या कागदासाठी अर्ज लिहायला बसा.

जयभीम.