लांबीखालचा पत्रा

जुन्या मोटारीच्या रंगकामात प्रायमर आणि सरफेसर यांची कामे वेगळी असतात. प्रायमर पत्र्याला धरून राहतो आणि गंज अडवतो. सरफेसर खाचा, ओरखडे आणि पॉलिश पेपरच्या रेघा बुजवून वरच्या रंगाला सपाट जागा करून देतो. एकाचे काम दुसऱ्यावर ढकलले, की ते एक-दोन पावसाळ्यांत उघडे पडते. कोणता डबा उघडायचा, हे वर कोणता रंग लागणार यावर कमी आणि खाली काय आहे यावर जास्त ठरते.

कुर्ल्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी याचा चांगला नमुना आहे. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट म्हणून निघू लागलेली ही गाडी पुढे पद्मिनी झाली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या टॅक्सींमधून बाद झाली आणि मग तिच्याबद्दल हळवे लेख आले. ती रस्त्यावर होती तेव्हा लोकांचे लक्ष मीटरवर असे. अनेकदा रंगवलेल्या पद्मिनीच्या दाराची खालची कड उतरती घासत नेली, की झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे थर दिसू लागतात: वर टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून वाळणारा रंग, त्याखाली सिंथेटिक एनॅमलचे हात, मध्ये खड्डे भरणाऱ्या लांबीचा फिकट पट्टा, मग तांबडा किंवा राखाडी प्रायमर आणि तळाला पत्रा.

या थरांची ओळख पटवायला एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये भिजवलेले फडके पुरते. ते थोडा वेळ दाबून धरल्यावर रंग विरघळून फडक्याला लागला तर तो लॅकर. फुगला, सुरकुतला तर एनॅमल. नीट वाळलेल्या टू-के रंगाला फारसे काही होत नाही. पहिल्या दोन्हींवर कडक थिनरचा प्रायमर थेट मारला, तर खालचा रंग उठतो आणि सगळे खरवडून काढावे लागते. पक्का असलेला मूळ कारखानी रंग मात्र केवळ उत्साहापोटी पत्र्यापर्यंत उतरवू नये. एपॉक्सीने तो वेगळा करून, आधी कोपऱ्यात चाचणी घेऊन, त्यावर पुढे जाता येते.

उघड्या पत्र्यासाठी पर्याय दोन. एच प्रायमरमध्ये फॉस्फोरिक आम्ल असते. ते धातूला किंचित खाऊन पकड घेते. हा थर मुद्दाम पातळ ठेवायचा असतो, दहा मायक्रॉनच्या आसपास. जाड मारला तर आम्ल आत अडकून राहते. त्यावर पॉलिएस्टर लांबी भरू नये, कारण आम्लामुळे लांबी नीट कडक होत नाही. एपॉक्सी प्रायमर दोन डब्यांचा असतो. ८० ते १८० नंबरच्या पेपरने घासलेल्या स्वच्छ पत्र्यावर तो घट्ट बसतो आणि पाणी रोखण्यात या सगळ्यांत उजवा ठरतो. पूर्ण जीर्णोद्धाराला महिने लागतात, गाडी मध्येच पडून राहते, म्हणून एपॉक्सीच बरा. मात्र पुढचा हात किती वेळात द्यायचा, ही डब्यावरची मुदत पाळावी. ती उलटली तर पुन्हा घासणे आले. एकावर दुसरा मारायचा असेल, तर बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकात तशी परवानगी हवी.

लांबी ही वाईट वस्तू नाही. लांबीने पत्रा बनवणे वाईट. कुजलेल्या सिलवर जाळी ठोकून त्यावर बोटभर लांबी थापलेल्या गाड्या विकायला येतात आणि लांबून देखण्या दिसतात. छोटे लोहचुंबक कापडात गुंडाळून दारावरून, चाकांच्या कमानीवरून फिरवले, की जिथे ते घसरून पडते तिथे पत्रा कमी आणि कारागिरी जास्त आहे असे समजावे. पॉलिएस्टर लांबी पाणी शोषते. ती वाळलेल्या, घासलेल्या एपॉक्सीवर भरली, तर निदान खालचा पत्रा झाकलेला राहतो.

सरफेसरबद्दल बोलण्याआधी १९२३ सालाकडे जावे लागते. तोवर गाडी रंगवायला ब्रशचे हात, घासणे आणि वाळणे यांत आठवडे जात. ड्यूपाँ कंपनीच्या ड्यूको या नायट्रोसेल्युलोज लॅकरने फवाऱ्याचे, झटपट वाळणारे काम आणले. ओकलँड गाडीवर ते आधी दिसले. आपल्याकडचे पेंटर अजूनही कोणत्याही फवाऱ्याच्या रंगाला ड्यूको म्हणतात.

त्याच कुळातला एनसी सरफेसर स्वस्त, लवकर वाळणारा आणि म्हणूनच लाडका आहे. त्याचा दोष उशिरा कळतो. थिनर आठवडेच्या आठवडे उडत राहतो, थर आकसतो आणि डिलिव्हरीच्या दिवशी आरशासारख्या दिसलेल्या बॉनेटवर पेपरच्या रेघा पुन्हा उमटतात. बारीक टोचे बुजवण्यापुरता तो चालतो. मोठ्या पृष्ठभागाला टू-के हाय-बिल्ड सरफेसर घ्यावा. तो हार्डनरशी रासायनिक क्रियेने वाळतो, त्यामुळे फार कमी आकसतो. त्यातही दोन हातांत पुरेसा वेळ न सोडता मारला, तर थिनर कोंडतो.

घासण्यापूर्वी काळ्या रंगाचा विरळ फवारा मारतात, त्याला गाइड कोट म्हणतात. लांब ब्लॉकला लावलेला ३२० नंबरचा पेपर तिरका फिरवला, की उंचवट्यांवरचा काळा आधी जातो आणि खड्ड्यांत ठिपके राहतात. ठिपके जाण्याआधी पत्रा उघडा पडू लागला तर हात थांबवावा; आणखी सरफेसर लागणार आहे. शेवटचे घासणे ५०० ते ८०० नंबरवर येते.

वॉटर पेपरने घासणे सोयीचे, धूळ उडत नाही. पण सरफेसरमध्ये टाल्क असते आणि ते पाणी धरून ठेवते. मुंबईच्या जुलैत पाणी मारून घासलेली गाडी संध्याकाळीच रंगवली, तर पुढे फोड येण्याची शक्यता मोठी. दमट महिन्यांत कोरडे घासावे आणि पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश वर असल्याशिवाय फवाऱ्याची बंदूक उचलू नये.

टू-के हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याने होणारा दमा कायमचा जडू शकतो आणि सावध व्हायला वास येण्याची वाट पाहता येत नाही. तोंडाला रुमाल बांधून फवारणारे पेंटर सर्वत्र दिसतात, गाडीवर मात्र झाकायला ताडपत्री असते. बाहेरची हवा पुरवणारा मास्क हा खर्चाच्या अंदाजात पहिल्या ओळीत धरावा, क्रोमच्या आधी.

उरतो प्रायमरच्या रंगाचा प्रश्न. काळा रंग कशावरही झाकतो. टॅक्सीच्या छताचा पिवळा मात्र पातळ झाकणारा असतो. त्याखाली पांढरा किंवा फिका राखाडी सीलर (रंगाआधीचा शेवटचा हात) एकसारखा मारावा लागतो, नाहीतर तांबड्या प्रायमरच्या जागी पिवळा मळकट दिसतो आणि तो लपवायला रंगाचे जादा हात चढवावे लागतात.