गळलेले बिरुद

नाण्यांचा छंद मला नाही. पाठभेद पाहण्याची खोड मात्र जुनी. म्हणूनच कॅनडाचा १९४८ चा चांदीचा डॉलर मला खुणावतो. असे अवघे १८,७८० डॉलर पाडले गेले, आणि त्याचे कारण आपल्याकडचे आहे. १९४७ मध्ये हिंदुस्थान स्वतंत्र झाला. सहाव्या जॉर्जच्या मुखाभोवतीच्या लॅटिन मजकुरातून ‘हिंदुस्थानचा सम्राट’ हे बिरुद गाळणे भाग पडले. लंडनहून नवे ठसे येण्यास विलंब झाला. तोवर ओटाव्याच्या टांकसाळीने जुन्याच ठशांवर १९४७ या सालाशेजारी मॅपलचे इवलेसे पान कोरून काम चालविले. संपादकाने समासात दुरुस्तीची खूण करावी, पण मजकूर तसाच छापावा, असा हा प्रकार! १९४८ उजाडले तरी नाण्यावर सम्राट होताच. नवे ठसे पोहोचल्यावर वर्षाच्या उरल्या दिवसांत निघाले तेवढेच बिरुदहीन डॉलर.