चाकोरी सोडल्यावर

‘चाकोरीबाहेर जाणें’ हा शब्दप्रयोग आपण बहुधा स्तुतीसाठीं योजतों. चाकोरी म्हणजे मूळची गाडीच्या चाकांनीं पाडलेली वाट, हें त्या वेळीं आपल्या ध्यानांतहि नसतें. २०२३ सालच्या जानेवारींत कच्छच्या लहान रणांत मीं एके दुपारीं खरीखुरी चाकोरी सोडली, आणि ह्या शब्दाचा मूळ अर्थ जन्मभर पुरेल इतका पक्का करून घेतला.

लहान रण हें नांवापुरतेंच लहान; त्याचा विस्तार सुमारें ५,००० चौरस किलोमीटर आहे. पावसाळ्यांत बनास, रूपेण व सरस्वती ह्या नद्यांचें पाणी एका अंगानें आणि कच्छच्या आखाताचें खारें पाणी दुसऱ्या अंगानें आंत शिरतें, व सारा प्रदेश उथळ सरोवर होऊन जातो. पुढें पाणी ओसरलें म्हणजे अगरिया लोक कुटुंबासह रणांत येऊन झोपड्या घालतात, विहिरी खणून भूगर्भांतील खारें पाणी उपसतात आणि उन्हाळ्यापर्यंत मीठ पिकवितात. मधून मधून ‘बेट’ ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या किंचित् उंच जागा आहेत. तेथें गवत व वेड्या बाभळीचीं झुडुपें उगवतात, आणि तेथेंच घुडखर, म्हणजे रानगाढवें, चरावयास येतात. बाकी सर्वत्र भेगाळलेली सपाट भूमि. झाड नाहीं, दगड नाहीं, उंचवटा नाहीं.

तीस वर्षांच्या नोकरींतून मोकळा झाल्यावर मीं चारहि चाकांस जोर पोंचविणारी एक जुनी मोटर घेतली होती. तिच्यांतून एकट्यानें रण पाहावें अशी फार दिवसांची हौस. निघतांना आमच्या घरांतून दोन सूचना झाल्या. पहिली, “ओल्या-सुक्या जमिनीवर बसून जेवूं नका, हा पाट बरोबर असूं द्या.” पाट माझ्या वडिलांचा, सागवानी, कोपऱ्यांना पितळेच्या फुल्या मारलेला. दुसरी, “कुठें जातां आणि केव्हां परतणार, तें कुणाला तरी सांगून जात जा.” दोन्ही सूचना मीं केवळ वादविवाद टाळण्यासाठीं मान्य केल्या. बजाण्यास वनखात्याचा परवाना काढला, आणि ज्या वृद्ध अगरियाच्या घरीं रात्रीं उतरलों होतों त्यास वाट दाखवून सांगितलें, “सूर्यास्तापूर्वीं परत येतों.” तो म्हणाला, “साहेब, चाकाची वाट सोडूं नका. जमीन काळी दिसली तर थांबा.”

दुपारीं साडेबाराच्या सुमारास डावीकडे घुडखरांचा एक कळप दिसला. मीं वाट सोडली. अर्धा मैल जमीन फरसबंदीसारखी लागली. नंतर तिचा रंग थोडा गडद झाला. तो मीं पाहिला, परंतु थांबलों नाहीं. पुढच्याच क्षणीं वरची खपली फुटली आणि मोटर आंसापर्यंत काळ्या चिखलांत बसली.

येथें मीं तीच चूक केली, जी अशा वेळीं बहुतेक जण करतात. इंजिनाचा वेग वाढविला. चाकें गरगर फिरलीं, चिखलाचे फवारे उडाले, आणि मोटर आणखी वीतभर खालीं गेली. ह्याचें कारण समजण्यासारखें आहे. वळणावर बाहेरच्या चाकास आंतल्यापेक्षां अधिक अंतर तोडावें लागतें. म्हणून आंसावर डिफरन्शियल नांवाची दंतचक्रांची योजना असते, तिच्यामुळें दोन चाकें निरनिराळ्या वेगानें फिरूं शकतात. परंतु एक चाक निसरड्यावर आलें कीं हीच सोय शत्रु होते: तें चाक मोकळें फिरत राहतें आणि दुसऱ्याच्या वांट्यासहि तेवढाच तुटपुंजा जोर येतो. चारहि चाकांस शक्ति पोंचविणारी मोटर असली तरी ह्या नियमांतून ती सुटत नाहीं. त्यांतून तिचें पोट जमिनीला टेकलें, तर भार चाकांवर राहतच नाहीं, आणि कितीहि अश्वशक्ति असून उपयोग होत नाहीं. खरें सांगावयाचें तर अशी मोटर माणसास संकटांतून वांचवीत नाहीं. तें संकट ती मदतीपासून दूरवर नेऊन ठेवते.

इंजिन बंद केलें. मोबाइलवर एकहि रेघ नव्हती. तेव्हां समोर, फार तर मैलावर, एक झोपडी आणि तिच्यापुढें चकाकणारें पाणी दिसलें. चालत जावें असें मनांत आलें. बाटली घेऊन शंभरेक पावलें गेलोंहि. मग मागें वळून पाहिलें तों माझी मोटरच पाण्यावर तरंगत असल्यासारखी दिसली, आणि तिच्या चाकांखालीं तर पाण्याचा थेंबहि नव्हता हें मला ठाऊक होतें. पुन्हा पुढें पाहिलें तों झोपडीचें झुडूप झालें होतें. अंगावर कांटा आला. मोटर दुरून दिसते, माणूस दिसत नाहीं. शोधावयास येणारा प्रथम मोटर शोधील. मुकाट्यानें परतलों, घोटभर पाणी प्यालों आणि कामास लागलों.

राल्फ बॅग्नोल्ड ह्या इंग्रज लष्करी इंजिनियराच्या सफरींविषयीं मीं पूर्वीं वाचलें होतें. १९२० नंतरच्या दशकांत त्यानें ईजिप्तच्या पश्चिमेकडील वालुकासागरांत साध्या फोर्ड मोटारी नेल्या. त्यांचीं मागचीं दोनच चाकें ओढीत. तरी टायरांतील हवा कमी करून आणि रुतल्या चाकांखालीं पोलादी पन्हळी घालून तीं मंडळी शेंकडों मैल जाऊन परत येत. मात्र त्यांच्या तांड्यांत एकाहून अधिक मोटारी असत, ही गोष्ट मला त्या दुपारीं विशेष आठवली.

माझ्याजवळ फावडें होतें, जॅक होता, हवेचा पंप होता, आणि आंत अंथरलेलीं काथ्याचीं दोन जाड पायपुसणीं. प्रथम चारहि टायरांतील हवा ३२ पौंडांवरून १६ वर आणली; त्यामुळें टायर पसरतो आणि तोच भार अधिक जमिनीवर विभागला जातो. मग पोटाखालचा चिखल उपसला. पुढें जावयाचें नाहीं, आल्या वाटेनें मागेंच जावयाचें हें ठरविलें. कारण त्या जमिनीनें आपला भार एकदां सोसलेला असतो. जॅक लावला, तों मोटर वर येण्याऐवजीं जॅकच खालीं जाऊं लागला. त्याखालीं रुंद व कठीण असें कांहीं हवें होतें, आणि क्षितिजापर्यंत तशी वस्तु एकच होती.

वडिलांचा पाट हातांत घेऊन मीं कांहीं वेळ उभा राहिलों. त्यावर बसून त्यांनीं चाळीस वर्षें चित्राहुति घातल्या. मग तो चिखलांत घातला.

एकेक चाक उचलावयाचें, खालचा खड्डा सुक्या खपल्यांनीं भरावयाचा, वर पायपुसणें सारावयाचें, चाक खालीं टेकवावयाचें. हें करतांना हातपाय मोटरीखालीं जाऊं दिले नाहींत. जॅक घसरला असता तर ओढून काढावयास तेथें कोण होतें? चौथें चाक झाल्यावर मागचा गिअर घालून, अगदीं हळू, मोटर हलविली. ती सहा हात मागें आली आणि पुन्हा रुतली. तेव्हां मात्र मी खालीं बसलों. साडेतीन वाजले होते. दहा मिनिटांनीं उठलों आणि सारें पुन्हा केलें. दुसऱ्या खेपेस एका चाकाखालीं असतांना पाट फुटल्याचा आवाज झाला. तिसऱ्या खेपेस, पावणेपांच वाजतां, मोटर कडक जमिनीवर आली.

टायरांत हवा भरली, आणि स्वतःच्याच चाकोरीवरून, एक तसूहि इकडे तिकडे न होतां, परत निघालों. गांवापासून तीन मैलांवर तो वृद्ध समोरून येतांना दिसला. मुलाच्या मोटरसायकलवर मागें बसून, मांडीवर दोन फळ्या घेऊन. सूर्य अजून मावळावयाचा होता. मीं म्हटलें, “बाबा, वेळ तर झाली नव्हती.” तो म्हणाला, “धूळ उडतांना दिसेनाशी झाली, तेव्हांच निघालों असतों. मुलगा कामावरून यावयाचा होता.” मग चिखलानें माखलेल्या पाटाकडे पाहून त्यानें विचारलें, “हा कशाला आणला होता?” “जेवावयास बसण्यासाठीं,” मीं म्हणालों. आम्ही तिघेहि हसलों, आणि मग मला आठवलें कीं दिवसभरांत मी जेवलोंच नव्हतों.

पाट आतां घरीं आहे. मधोमध चीर गेली आहे, आणि पितळी फुल्यांवर खाऱ्या पाण्याची हिरवट झांक कितीहि चिंच लावली तरी फिरून येते. आमच्या घरांतून त्यावर शब्दहि निघाला नाहीं. फक्त हल्लीं मी किल्ली हातांत घेतली कीं एक कोरा कागद पुढें येतो. त्यावर वाट आणि परतण्याची वेळ मी लिहून देतों, अगदीं सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जावयाचें असलें तरी.