तुराणांतली दशमी

आमचें घर जुन्या जालन्यांत. पहांटे मागल्या गल्लींतून भाजत्या नानाचा खमंग वास माजघरापर्यंत येई आणि आत्याबाई पदर नाकाला लावून खिडकी लोटून घेत. सत्तर वर्षें त्या वासाशीं त्यांचें हें भांडण चाललें होतें. गेल्या माघांत त्या आपण होऊन म्हणाल्या, "अरे, तें दुकान एकदां मला दाखव," तेव्हां मी चकितच झालों.

दुकान म्हणजे चार बांकें, धुरानें काळवंडलेली एक भिंत आणि जमिनींत पुरलेली मातीची भट्टी. मालक पिठाचा गोळा थापटून फडक्याच्या गादीवर पसरतो, खांद्यापर्यंत हात आंत घालतो आणि तो भट्टीच्या कडेला चिकटवितो. नान फुगून तांबूस झाला न झाला, तोंच लोखंडी आंकड्यानें बाहेर!

मालकाचे पूर्वज बुखाऱ्याहून आले, असें त्याच्या घरीं सांगतात. कागदाचा पुरावा नाहीं. पण गोष्ट अशक्यहि नव्हे. १९८१ पर्यंत जालना औरंगाबाद जिल्ह्यांतच होतें, आणि त्या शहरांत (आतांचें छत्रपति संभाजीनगर) मोंगलाईंत तुराणांतून, म्हणजे हल्लींच्या उझबेकिस्तानाकडून, पुष्कळ माणसें येऊन राहिलीं. पाणचक्कीपाशीं ज्यांची कबर आहे ते बाबा शाह मुसाफर बुखाऱ्याजवळच्या गिजदुवानचे. नहराच्या पाण्यावर फिरणारें तेथील जातें फकिरांसाठीं व यात्रेकरूंसाठीं धान्य दळीत असे. निजामाच्या घराण्याचा मूळ पुरुष ख्वाजा आबिद हा समरकंदाकडचा; तो १६८७ सालीं गोवळकोंड्याच्या वेढ्यांत पडला. त्याच्या वंशजांच्या निशाणावर, जें आमच्या गांवानें १९४८ पर्यंत पाहिलें, मधोमध एक वाटोळें चिन्ह असे. तो कुलचा आहे, असें लोक सांगत. निशाणावर भाकरी! मला तरी हें सिंहगरुडांपेक्षां बरें वाटतें.

आम्ही कडेच्या बांकावर बसलों. शेजारीं कलियाचें पातेलें रटरटत होतें. मालकानें आत्याबाईंचें वय व नेसणें पाहिलें आणि कांहीं न विचारतां तें पातेलें उचलून मागल्या अंगणांत नेऊन ठेविलें. आत्याबाईंच्या नजरेंतून हें सुटलें नाहीं. मग त्यांची चौकशी सुरू झाली.

"अंडें घालतां का हो?"

"नाहीं, आजी."

"चरबी?"

"तेल असतें."

"आणि पीठ कशांत भिजवितां?"

"दुधांत. थोडें पाणीहि असतें."

पाण्याचें त्यांनीं ऐकलें नाहीं, किंवा ऐकून न ऐकल्यासारखें केलें. "मग ही दशमीच कीं रे!" त्या मला म्हणाल्या. दुधांत भिजविलेल्या दशमीला प्रवासांत विटाळ नाहीं, हें आमच्या घरचें जुनें शास्त्र. नानकटाईच्या नांवांतच नान आहे आणि लग्नाच्या पंगतींत आग्रहानें वाढली जाणारी जिलबी मुळांत इराणाकडची, हें सांगण्याचें माझ्या जिभेवर आलें होतें. पण शास्त्रानें आपणहून वाट दिली असतां मध्यें बोलण्यांत अर्थ नव्हता.

अर्धा नान त्यांनीं चहांत बुडवून सावकाश खाल्ला. उरलेला अर्धा कागदांत गुंडाळून घेतला.

परत येतांना मारुतीच्या पारापाशीं त्या थांबल्या. "तुझ्या आईला हा वास फार आवडे," त्या म्हणाल्या. "नवी नवरी असतांना एकदां तिनें गड्याकडून चोरून एक नान आणविला होता. मींच तिला तो गाईपुढें टाकायला लाविला."

आईला जाऊन आतां बारा वर्षें झालीं. ती हें आम्हांपाशीं कधींच बोलली नव्हती.

घरीं आल्यावर आत्याबाईंनीं तो अर्धा नान तव्यावर तूप सोडून गरम केला आणि घरांतल्या साऱ्यांना, सुनांना आधीं, एकेक तुकडा आपल्या हातानें वाटला.