लोखंडाचे आयुष्य

कारखान्यातील बॉयलर, दाबाखाली चालणारी भांडी आणि नळ यांची प्रकृती तपासणे व ती अजून किती काळ भरवशाने चालतील याचा निर्वाळा देणे, हा आमचा तीस वर्षांहून अधिक काळचा व्यवसाय. देवळाच्या उत्सवात कोणी आमची ओळख इंजिनिअर म्हणून करून दिली, की समोरचे गृहस्थ आदराने विचारतात, "आपण काय काय बांधलंत?" आम्ही काहीच बांधलेले नाही. इतरांनी बांधलेल्या वस्तूंवर संशय घ्यावयाचा आणि त्याचे वेतन घ्यावयाचे, असा हा धंदा आहे. एका अर्थी तो वैद्याच्या जवळचा. फरक एवढाच, की आमचा रोगी कधी कण्हत नाही.

कण्हत नाही, पण ठोकून पाहिले तर थोडे बोलतो. देवळातील घंटेला केसाएवढी चीर गेली तर ती डोळ्यांना दिसण्यापूर्वी पुजाऱ्याच्या कानाला कळते. खणखणीत नाद जाऊन बद्द आवाज येऊ लागतो. बॉयलरचे पत्रे रिव्हेटांनी जोडीत असत त्या काळी तपासनिसाच्या हाती लहानसा हातोडा असे आणि तो याच न्यायाने रिव्हेट ठोकीत जाई. आज आम्ही श्रवणातीत ध्वनी वापरतो. पोलादाच्या एका बाजूने सोडलेला ध्वनी पलीकडच्या पृष्ठावर आपटून परत येण्यास किती वेळ लागला, यावरून त्या ठिकाणची जाडी कळते. हातोडा गेला, पण कान लावून बसणे काही सुटले नाही.

जाडी कळली की पुढचे गणित तिसरीतल्या मुलालाही यावे. भिंत आज 10 मिलिमीटर आहे, दाब सोसण्यास 6 पुरे आहेत आणि वर्षाला अर्धा मिलिमीटर झिजते, तर 8 वर्षे उरली. मात्र झीज नेहमी त्याच चालीने चालत नाही. म्हणून उरलेल्या आयुष्याचा निम्मा काळ लोटण्यापूर्वी पुन्हा मोजावे, असा आमच्या व्यवसायातील रूढ दंडक आहे. 8 वर्षे उरली म्हणून कोणी 8 वर्षे स्वस्थ झोपू नये.

हे सारे सांगूनही एक उत्तर आम्हांस हटकून ऐकावे लागते : "साहेब, इतकी वर्षं चाललंय, आताच काय होतंय?" माणसाविषयी हा तर्क कदाचित चालेल, जुना सेवक परीक्षेस उतरलेला असतो. झिजणाऱ्या भिंतीविषयी तो नेमका उलटा आहे. गेलेले प्रत्येक वर्ष तिच्या बाजूची साक्ष नसून तिच्यावरचा खर्च आहे.

बेळगाव भागातील एका साखर कारखान्यात हा तर्क आम्हांस मोठ्या कसोटीच्या वेळी ऐकावा लागला. साखर कारखान्याचा बॉयलर उसाच्या चोयट्यांवर पेटतो. चोयट्यांबरोबर शेतातली रेती येते, ती धुराबरोबर नळ्यांवर आपटत राहते आणि वाळूच्या कागदासारखी त्यांना घासते. हा झाला बाहेरचा शत्रू. आतला शत्रू मात्र गोड आहे. रस आटवताना निघालेले वाफेचे पाणी पुन्हा बॉयलरला पाजतात; त्यात कोठून तरी थोडासा रस झिरपला, तर बॉयलरच्या उष्णतेत साखरेचे विघटन होऊन आम्ले तयार होतात आणि ती नळ्या खाऊ लागतात. म्हणून प्रयोगशाळेतला मुलगा हंगामात दिवसरात्र त्या पाण्याचा नमुना घेऊन अल्फा-नॅफ्थॉलने तपासतो. साखर असली की परीक्षानळीत जांभळे कडे उमटते. ज्या साखरेसाठी एवढा खटाटोप, तीच भट्टीच्या पोटात विष ठरते, याचे आम्हांस अजून नवल वाटते.

त्या वर्षी दसऱ्याच्या आसपास अग्निप्रदीपनाचा मुहूर्त ठरला होता. गावोगावी निमंत्रणे गेली होती. नव्या असताना 4 मिलिमीटर असलेल्या नळ्यांपैकी एका कोपऱ्यातील कित्येक आमच्या मोजणीत 2 मिलिमीटरच्याही खाली उतरलेल्या निघाल्या. त्या बदलल्याखेरीज दाब चढवू नये, असे आम्ही लिहून दिले. व्यवस्थापक दुष्ट नव्हते. उशीर झाला तर शेतात उभा ऊस वाळतो, तोडीला आलेल्या टोळ्या बसून खातात, पहिल्या उचलीवर लग्न ठरवलेला शेतकरी दारात येऊन उभा राहतो, हे सर्व त्यांनी आमच्यापुढे मांडले, आणि त्यातले एक अक्षरही खोटे नव्हते. सावधपणाची किंमत कोणाला तरी मोजावी लागतेच, आणि ती बहुधा तपासनीस मोजीत नाही. तरीही भट्टीसमोर पाळीवर उभ्या राहणाऱ्या माणसांची नावे आम्हांस ठाऊक होती. आमची सही बदलली नाही. अखेर मुहूर्तावर यथासांग पूजा झाली, होम झाला. बॉयलर मात्र नळ्या बदलून, पाण्याच्या दाबाची परीक्षा होऊन, अकरा दिवसांनी पेटला. ही परीक्षा पाण्यानेच का, हवेने का नाही, असे पुष्कळ जण विचारतात. पाणी दाबले जात नाही म्हटले तरी चालेल. भांडे फुटलेच तर पाणी गळून जाते. कोंडलेली हवा मात्र तोफेसारखी सुटते.

झिजेपेक्षाही आम्हांस भीती वाटते ती घाईच्या दुरुस्तीची. इंग्लंडातील फ्लिक्सबरो येथे नायलॉनचा कच्चा माल करणारा एक कारखाना होता. तेथे सहा मोठी भांडी एकापुढे एक मांडलेली होती. 1974 च्या मार्चमध्ये पाचव्या भांड्याला मोठी चीर आढळली. ते भांडे काढले, हे योग्यच झाले. पण उत्पादन थांबू नये म्हणून चौथे आणि सहावे भांडे एका वाकड्या नळाने जोडले. भांड्यांची तोंडे 28 इंची, हाताशी असलेला नळ 20 इंची. त्याचा आराखडा म्हणजे कार्यशाळेच्या जमिनीवर खडूने काढलेल्या रेषा! दाबामुळे तो वाकडा नळ कसा मुरडेल आणि दोन्ही टोकांच्या लवचीक जोडांवर किती जोर येईल, हे कोणी मांडून पाहिले नाही. दोन महिने तो चालला. 1 जून 1974 रोजी तो सुटला. ज्वालाग्राही वाफेचा ढग पसरून पेटला आणि 28 माणसे मेली. शनिवार होता म्हणून आकडा एवढ्यावर राहिला. चिरलेल्या भांड्याने कोणास मारले नाही, ते वेळीच पकडले गेले होते. घात झाला तो त्याच्या जागी बसवलेल्या नळाने.

भोपाळची गोष्ट आणखी निराळी. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री विषारी वायू सुटला, तेव्हा त्याला अडवणारी साधने कारखान्यात नव्हती असे नव्हे. साठा थंड ठेवणारे यंत्र बंद करून ठेवलेले होते. वायू जाळून टाकणारा मनोरा नळाचा गंजलेला तुकडा काढल्यामुळे तुटलेला होता. संकटाच्या वेळीच ज्याची गरज पडते, ते साधन एरवी बंद असले तरी कोणाच्या ध्यानात येत नाही. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या आमच्या वाचकांत त्या रात्रीची झळ पोहोचलेली घरे असतील. त्यांना अधिक सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही.

आपल्या देशात बॉयलरचा कायदाही एका अपघातातूनच जन्मला. 1863 साली कलकत्त्यास बॉयलर फुटून माणसे दगावली आणि पुढच्याच वर्षी बंगालने तपासणीचा कायदा केला. सर्व देशासाठीचा कायदा 1923 चा; त्याची जागा आता 2025 च्या कायद्याने घेतली आहे. असो.

गोवा आणि कोकणपट्टीतील कारखान्यांत मात्र आमचा खरा प्रतिस्पर्धी पाऊसच. गरम नळांवर उष्णता राखण्यासाठी लॅगिंग गुंडाळून वर पत्रा चढवतात. एखाद्या फटीतून पाणी आत जाते, कापसासारखे आवरण ते धरून ठेवते, आणि वरून चकचकीत दिसणाऱ्या पत्र्याखाली पोलाद वर्षानुवर्षे गंजत राहते. लाल तापलेल्या नळावर पाणी टिकतच नाही. कोमट आणि सारखे थंड-गरम होणारे नळ अधिक धोक्याचे. नळांच्या खालच्या बाजूस, आधारांपाशी आणि भांड्याभोवतीच्या कड्यांवर ते पाणी साचते. पावसाळा सरला की आम्ही प्रथम तेथलेच पत्रे उघडावयास सांगतो. शिडी लावावी लागते, रंगारी कुरकुरतो, आणि निम्म्या वेळा आत काहीच सापडत नाही. तेवढे निम्मे दिवस आम्ही आनंदाने घरी जातो.