इकडील सर्व खुशाल

२००० साली पुण्याला एम.ए.साठी प्रवेश घेतला तेव्हा अब्बांनी विचारलं होतं, "आंतरराष्ट्रीय संज्ञापन म्हणजे नेमकं काय गं?"

मी म्हटलं, "एका देशातली बातमी दुसऱ्या देशात कशी जाते, कोण पाठवतं, कोण अडवतं, ते शिकायचं."

अब्बा हसले. "म्हणजे टपालखातं!"

तेव्हा मलाही हसू आलं. त्या उत्तरात किती तथ्य होतं ते कळायला पुढची दोन वर्षं जावी लागली.

आमचं गाव दाभोळच्या खाडीकाठचं. मोहल्ल्यात घरटी एक माणूस आखातात. गावाबाहेरचं जग मी पाहिलं ते मुंबईची गाडी पकडणाऱ्या माणसांच्या बॅगांवर बांधलेल्या दोरीतून आणि लाल-निळ्या काठाच्या एअरमेलच्या पाकिटांतून. विद्यापीठात त्याच जगाचं शास्त्र निघालं. युनेस्कोने १९७७ साली नेमलेला मॅकब्राइड आयोग, १९८० सालचा त्याचा अहवाल, त्या आयोगावर आपल्या देशातून गेलेले बी. जी. वर्गीज. जगातल्या बहुतेक बातम्या मूठभर पाश्चात्त्य वृत्तसंस्था ठरवतात, गरीब देशांनी फक्त ऐकायचं, हा प्रवाह दोन्ही बाजूंनी वाहिला पाहिजे, अशी ती मागणी होती. पुढे अमेरिका १९८४ च्या अखेरीस युनेस्कोतून बाहेर पडली, पाठोपाठ १९८५ मध्ये ब्रिटन. सर हे सांगत तेव्हा आम्ही मुलं तावातावाने वहीत उतरवून घेत असू. अन्याय करणारे दूर होते, त्यामुळे राग सोपा होता.

मग एके दिवशी 'द्वारपाल' हा पाठ आला. डेव्हिड मॅनिंग व्हाइट या अभ्यासकाचा १९५० सालचा निबंध. अमेरिकेतल्या एका लहान शहराच्या वृत्तपत्रात तारेवरून येणाऱ्या बातम्या निवडणारा एक संपादक. आठवडाभरात आलेल्या मजकुरापैकी सुमारे नऊ दशांश मजकूर त्याने टाकून दिला आणि प्रत्येक बातमी का टाकली याचं कारण लिहून ठेवलं. सर म्हणाले, "बातमीच्या वाटेवर असा कुणीतरी दरवाजात उभा असतो. तो दुष्ट असतो असं नाही. त्याला फक्त वाटत असतं की हे पुढे जाण्यासारखं नाही."

माझा हात वहीवर थांबला. तो द्वारपाल मी ओळखत होते. अकरा वर्षांची, दोन वेण्या घातलेली.

अब्बा तेव्हा कुवेतला होते. अम्मीला लिहिता येत नव्हतं. मी मराठी शाळेत शिकत असल्याने घरचं पत्र माझ्याकडे. अब्बाही मराठी चौथी शिकलेले. पत्राचा मायना ठरलेला होता. वर सलाम, मग 'पत्रास कारण की', आणि लगेच 'इकडील सर्व खुशाल, आपली खुशाली कळवावी'. अक्षर चांगलं म्हणून शेजारपाजारच्या बायकाही माझ्याकडून पत्रं लिहून घेत. चूल फुंकता फुंकता त्या बोलायच्या, मी लिहायचे.

१९९० च्या जूनमध्ये दादी अंथरुणाला खिळली. तिने मला जवळ बसवून सांगितलं, "लिही बापाला. म्हणावं, एकदा तोंड दाखवून जा. आता भरवसा नाही." मी तसं लिहिलं. चाचांनी पत्र वाचलं आणि फाडलं. घराचा स्लॅब अर्धा राहिला होता. अब्बा रजेवर आले असते तर पगार बुडाला असता, वर तिकिटाचा खर्च. चाचा काही वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "म्हातारीचं दुखणं नेहमीचंच. परक्या मुलखात त्याच्या जिवाला घोर कशाला? दुसरं लिही." मी दुसरं लिहिलं, 'दादीची तब्येत ठीक आहे. इकडील सर्व खुशाल.' दादीला मात्र सांगितलं, "तुझं सांगणं लिहिलं." ती खूश झाली.

२ ऑगस्टला इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. फोन बंद, टपाल बंद. मशिदीसमोरच्या दुकानात रेडिओभोवती सगळा मोहल्ला गोळा व्हायचा. बीबीसीची उर्दू सेवा, मग आकाशवाणी, मग पुन्हा बीबीसी. बातम्यांत तेलाचे भाव असत, बुश असत, सद्दाम असत. आमची माणसं कुठे आहेत, हे कुणी सांगत नव्हतं. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात दादी गेली. कळवायचं कुणाला?

अब्बा सप्टेंबरात आले. बसने बगदादमार्गे जॉर्डन, तिथे वाळूत तंबूत दिवस काढून अम्मानहून एअर इंडियाचं विमान. त्या दोन महिन्यांत लाखाहून जास्त भारतीय असे आणले गेले. हातात एक पिशवी आणि खिशात कुणी घेईना अशा कुवेती नोटा. दारात पाऊल टाकताच त्यांनी दादीची खाट पाहिली. ती रिकामी होती. कब्रस्तानातून फातेहा पढून परतले तेव्हा त्यांनी सदऱ्याच्या खिशातून माझं पत्र काढलं. "जुलैत रजा मिळत होती," ते म्हणाले. "सगळं ठीक आहे म्हणून डिसेंबरवर टाकली." एवढंच. ओरडले नाहीत. मला वाटतं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

आमच्या अभ्यासक्रमात १९९१ च्या आखाती युद्धावर स्वतंत्र प्रकरण होतं. सीएनएनने युद्ध जगाच्या दिवाणखान्यात आणलं, असं त्यात होतं. बगदादच्या काळोख्या आकाशात सरकणारे हिरवट ठिपके आम्हाला चित्रफितीवर दाखवले. त्या आकाशाखालून पाच महिन्यांपूर्वी माझा बाप बसमध्ये बसून गेला होता. तो कुठल्याच चित्रफितीत नव्हता.

मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षात असताना ११ सप्टेंबर २००१ घडलं. दुसऱ्या दिवशी वर्गात चर्चा झाली आणि हळूहळू सगळे चेहरे माझ्याकडे वळले. एका मैत्रिणीने अगदी आपुलकीने विचारलं, "तुमच्यात याबद्दल काय म्हणतात?" मी उभी राहिले. इस्लाम म्हणजे शांतता, हे करणारे खरे मुसलमानच नव्हेत, वगैरे बोलले. ते खोटं नव्हतं. सगळ्यांना हायसं वाटलं. पण आमच्यात काय म्हणत होते ते मी सांगितलंच नाही. आदल्या रात्री एसटीडी बूथवरून अम्मीशी बोलले होते. तिचा एकच प्रश्न होता, "आता तिकडची माणसं परत पाठवतील का गं?" मामा दोहाला, मावशीचा मुलगा दम्मामला. तिला १९९० आठवत होतं. मोहल्ल्यात त्या रात्री हीच चिंता होती. मी वर्गाला दिलं ते पुन्हा तेच पत्र होतं, इकडील सर्व खुशाल.

एडवर्ड सईद यांच्या १९८१ सालच्या 'कव्हरिंग इस्लाम' या पुस्तकाच्या नावात एक श्लेष आहे. बातमी देणं आणि झाकून टाकणं, दोन्हीला इंग्रजीत तोच शब्द. सईद पाश्चात्त्य पत्रकारांबद्दल बोलत होते. मला तो श्लेष माझ्या पत्राला लागू पडलेला दिसला.

प्रबंधिकेसाठी मी विषय मागितला, कोकणातल्या आखाती कुटुंबांची पत्रं आणि कॅसेटी. मार्गदर्शक म्हणाले, "हे आंतरराष्ट्रीय संज्ञापन कसं? यात उपग्रह नाही, वृत्तसंस्था नाही." मी म्हटलं, "सर, दोन देश आहेत, मजकूर आहे, आणि अडवणारा आहे." ते थोडा वेळ गप्प राहिले, मग त्यांनी सही केली.

दिवाळीच्या सुट्टीत घरोघर गेले. बायकांनी पत्र्याच्या ट्रंका उघडल्या. टेपवर वर्षानुवर्षांचे आवाज ऐकले. मुलाचा पाढा, बकरीचं ओरडणं, मध्येच दाबलेला हुंदका आणि लगेच, "बाकी सगळं ठीक." तिकडून येणाऱ्या पत्रांतही तेच. सुपरवायझर आहे म्हणून लिहिणारा झाडू मारत होता. एका खोलीत आठजण झोपत होते, पासपोर्ट मालकाकडे होता, हे कुणाच्याच पत्रात नव्हतं. गाल्टुंग आणि रूगे यांनी १९६५ साली दाखवून दिलं होतं की परदेशाची बातमी व्हायला ती बहुधा वाईट असावी लागते. आमच्या पत्रांचा नियम याच्या नेमका उलटा होता. जगात आपल्याबद्दल वाईट तेवढंच छापून येतं, आणि आपण एकमेकांना चांगलं तेवढंच कळवतो. या दोहोंच्या मध्ये आपलं खरं जगणं राहून गेलं. त्याची बातमी कुणीच दिली नाही.

प्रबंधिका मराठीत होती. अब्बांनी चश्मा लावून चार दिवसांत वाचली. शेवटी म्हणाले, "यात सगळ्या मोहल्ल्याची पत्रं आहेत. तुझं कुठंय?"

मी मान खाली घातली. ते उठले, कपाटातून डायरी काढली आणि त्यातलं घडी झिजलेलं पत्र माझ्यापुढे ठेवलं. "हेही लाव. आणि खाली लिही, की तुझ्या बापानेही जॉर्डनच्या तंबूतून चिठ्ठी धाडली होती. खायला मिळत नव्हतं आणि मी लिहिलं होतं, मजेत आहे."

परिशिष्टात ती दोन्ही पत्रं शेजारी शेजारी लावली. तेवढं एक पान लिहायला मला सर्वांत जास्त दिवस लागले.

आता पत्रं गेली, कॅसेटी गेल्या. माझा भाचा दोहाहून रोज मोबाइलवर चेहरा दाखवतो. प्रवाह दोन्ही बाजूंनी वाहतो आहे, मॅकब्राइड साहेबांना आनंद झाला असता. परवा त्याला विचारलं, "कसा आहेस?" म्हणाला, "मस्त, खाला." मी म्हटलं, "हे झालं मायन्याचं. आता पत्रास कारण सांग." तो जरा थांबला. मग त्याने कॅमेरा फिरवला आणि खोली दाखवली. सहा खाटा होत्या.