पडलेले घड्याळ

घरातल्या प्रत्येक वस्तूचा पडण्याचा एक स्वभाव असतो. पितळेचे पातेले पडले तर सारी आळी जागी होते. पण त्याचे बिघडत काही नाही, फार तर एक पोचा येतो. कपबशी पडली की प्रामाणिकपणे फुटून मोकळी होते. केरसुणी आणली की प्रकरण मिटले! घड्याळाचे मात्र तसे नाही. ते पडते तेव्हा ‘टक्’ एवढाच आवाज होतो. वरून ते धड दिसते, चालतही असते. आत काय झाले आहे ते मात्र कोणालाच कळत नाही. आणि त्यातून ते भारी, स्वित्झर्लंडहून आलेले, कमानीवर चालणारे असले, तर मग घरच्यांचे चेहरे पाहावेत!

गेल्या दिवाळीत आमच्या काकांचे असे घड्याळ पडले. ते निवृत्त झाले तेव्हा तिन्ही मुलांनी मिळून दिलेले. हात हलला की आपली चावी आपणच भरून घेणारे. नरकचतुर्दशीच्या पहाटे काकांनी ते उतरवून खिडकीत ठेवले आणि ते पाटावर बसले. स्नान आटोपल्यावर त्यांची दहा वर्षांची नात ते आजोबांना द्यायला मोठ्या हौसेने निघाली. हाताला तेल होते. घड्याळ निसटले ते थेट शहाबादी फरशीवर.

मग तिघे भाऊ धावले. एकाने घड्याळ कानाशी नेऊन हलवले, दुसऱ्याने चावी पिळली, तिसऱ्याने काटे पुढेमागे फिरवून पाहिले. आणि तिघांनीही मुलीला फैलावर घेतले. घड्याळ चालू होते, म्हणून सगळ्यांनी हुश्श केले. मुलगी मात्र दिवसभर फराळाच्या ताटाकडे फिरकली नाही. दुसऱ्या सकाळी पाहतात तो घड्याळ पंचवीस मिनिटे पुढे!

भाऊबीज झाल्यावर मी काकांबरोबर घड्याळजीकडे गेलो. डोळ्याला भिंग लावून ते बराच वेळ पाहत होते. मग त्यांनी एवढेच विचारले, “पडल्यावर तुम्ही याचं काय काय केलंत?” काकांनी सारे सांगितले. ते हसून म्हणाले, “पडल्यावर पहिलं काम म्हणजे काही न करणं. तेच कोणाला जमत नाही!”

मग त्यांनी आतले दाखवले. अशा घड्याळात एक छोटे चक्र सारखे मागेपुढे झुलत असते. काकांच्या घड्याळात सेकंदाला आठ ठोके, म्हणजे दिवसाला सहा लाख एक्क्याण्णव हजारांवर. त्याच्या आसाची टोके साधारण केसाइतकी बारीक, आणि चक्राचा सगळा भार त्यांच्यावर. ही टोके वाचवण्याची युक्ती पॅरिसच्या अब्राहम-लुई ब्रेगे याने 1790 च्या सुमारास काढली: टोक ज्या खड्यात फिरते तो खडाच स्प्रिंगवर बसवायचा, म्हणजे धक्का तो सोसतो. स्वित्झर्लंडमध्ये 1934 साली निघालेला ‘इन्काब्लॉक’ हा त्याचाच वंशज. काकांची टोके अशीच वाचली होती. पण चक्राला झुलवणारी जी केसासारखी कमान असते, तिचा एक वेढा दुसऱ्याला अडकला होता. अडकलेली कमान आखूड झाल्यासारखी वागते आणि चक्र घाईने झुलू लागते. “लोकांना वाटतं, पडलेलं घड्याळ मागे पडेल,” घड्याळजी म्हणाले. “पण ते पुष्कळदा धावत सुटतं.”

“पण हे धक्का सोसणारं आहे, असं मुलं म्हणाली होती,” काका म्हणाले.

“ती परीक्षा एक मीटरवरून कठीण लाकडावर पडण्याची असते हो. तुमची फरशी शहाबादी!”

त्यांनी सांगितले ते सांगून ठेवतो. फराळाच्या गडबडीत कोणाला उपयोगी पडेल. घड्याळ उचलून मऊ कापडावर ठेवावे. काच तडकली असेल किंवा आत काही खुळखुळत असेल, तर चावी देऊ नये, काटे फिरवू नयेत, हातात घालू नये. काचेचा एक कण दातऱ्यांत गेला की खर्च वाढला. सारे ठीक दिसले तरी तीन-चार दिवस फोनमधल्या वेळेशी रोज ताडून पाहावे आणि फरक लिहून ठेवावा. तोवर, आणि दुकानात दाब लावून तपासून घेईपर्यंत, पाण्यापासून लांब ठेवावे. कारण पाणी अडवणारे रबर जागचे हलले असले तर बाहेरून कळत नाही. मागचे झाकण घरी उघडू नये. दुरुस्तीला देताना पावतीवर घड्याळाचा क्रमांक लिहून घ्यावा आणि बदललेला भाग परत मागावा.

दुकानातून बाहेर पडल्यावर माझ्या लक्षात आले, की त्या गृहस्थांनी एक गोष्ट विचारलीच नव्हती. पाडले कोणी? दुरुस्त करणाऱ्याला त्या प्रश्नाचा काही उपयोग नसतो. आमच्या घरात मात्र सर्वांत आधी तोच विचारला गेला होता. काकांच्याही ते मनात आले असावे. पंधरा दिवसांनी घड्याळ घरी आले तेव्हा त्यांनी ते नातीच्या हातात दिले आणि म्हणाले, “जा, कपाटात ठेवून ये.” ती जपून, एकेक पाऊल टाकत गेली. तिघे भाऊ श्वास रोखून बसले होते. काका मात्र चिवडा खात होते.

वेळ पाहण्यासाठी असल्या घड्याळाची गरज आता कोणालाच नाही. स्वित्झर्लंडची क्रोनोमीटर चाचणी उत्तीर्ण झालेले घड्याळसुद्धा दिवसाला सरासरी चार सेकंद मागे किंवा सहा सेकंद पुढे गेलेले चालते. शेल-बॅटरीवरचे साधे घड्याळ त्याहून चोख असते. मग लोक ते जपतात का? मला वाटते, ते उघडता येते म्हणून. कमान सोडवता येते, आस बदलता येतो, आणि ते पुन्हा पहिल्यासारखे चालू लागते. आधी थोडे थांबायचे, हलवायचे नाही, आणि ज्याला समजते त्याच्या हाती द्यायचे, एवढीच अट. मुलांच्या मनाला मात्र घड्याळजी नसतो. तिथे ते काम घरच्यांनाच करावे लागते.